औषधी वनस्पतींचे ऊती संवर्धन व सूक्ष्मजीवरोधक चाचणी : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात

गोषवारा : औषधी वनस्पतींचे ऊती संवर्धन आणि त्यांच्या अर्कांची सूक्ष्मजीवरोधक चाचणी हे महाविद्यालयीन प्रयोगशाळांना सुपरिचित असलेले विषय होत. बहुधा ते परस्परांपासून अलग हाताळले जातात. पालघर जिल्ह्यातील सफेद मुसळी व पांढरा कुडा या वनस्पतींच्या आधारे दोन्ही प्रक्रियांचे स्वरूप, मर्यादा व परस्परसंबंध प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

बीजशब्द : ऊती संवर्धन, सूक्ष्मजीवरोधक चाचणी, सफेद मुसळी, कुडा, पालघर, तारापूर.

१. प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. पूर्वेस जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथील डोंगराळ वनप्रदेश व तेथील वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी आदी आदिवासी समाज. पश्चिमेस सागरकिनारा व त्यालगत बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, असे या जिल्ह्याचे द्विविध स्वरूप आहे. वनात औषधी वनस्पती आणि तारापुरात औषधनिर्मितीचे कारखाने असल्याने येथील अभ्यासकाला मोठी संधी लाभते. तशीच जबाबदारीही येते. एखाद्या वनस्पतीचा गुण प्रयोगशाळेत दिसून आल्याचे जाहीर झाले की तिची मागणी वाढते आणि मागणी वाढली की तिच्या मुळांवर व सालीवर घाव पडतो. म्हणून गुणाची परीक्षा व वनस्पतीची अभिवृद्धी ही एकाच कार्याची दोन अंगे मानली पाहिजेत, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. दोन स्थानिक वनस्पती

सफेद मुसळीच्या 'क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम' या शास्त्रीय नावातच मुंबईचे बोरिवली आहे. संतापाऊ व फर्नांडिस यांनी १९५५ साली या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. मुसळीच्या वंशातील वनस्पतींची कोवळी पाने पावसाळ्याच्या आरंभी कुलू, फोडशी अशा नावांनी रानभाजी म्हणून खाल्ली जातात. पाने खुडल्याने वनस्पती मरत नाही. मांसल मुळांसाठी ती खणून काढली तर मात्र समूळ नष्ट होते. बीजांची उगवणही अल्प असल्यामुळे ही हानी निसर्गतः लवकर भरून निघत नाही.

पांढरा कुडा म्हणजे 'होलऱ्हेना प्युबेसेन्स'. त्याची साल व बिया अतिसार आणि आमांश यांवर परंपरेने वापरल्या जातात. सालीत कोनेसीन हे अल्कलॉइड असते. काळा कुडा, अर्थात 'राइटिया टिंक्टोरिया', हे त्याच कुलातील निराळे झाड आहे. दोहोंनाही चीक असतो व दोहोंच्या शेंगा जोडीने लागतात. परंतु पांढऱ्या कुड्याच्या शेंगा सुट्या असतात, तर काळ्या कुड्याच्या टोकाशी जुळलेल्या असतात. बियांना अनुक्रमे कडू इंद्रजव व गोड इंद्रजव म्हणतात. या लोकप्रचलित भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास पुढील सर्व प्रयोग व्यर्थ ठरतो. यास्तव फुला-फळांसह वाळवलेला नमुना तयार करून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहासारख्या मान्य संग्रहातील नमुन्यांशी तो पडताळणे ही संशोधनाची पहिली पायरी होय.

३. ऊती संवर्धनाची प्रक्रिया

वनस्पतीच्या पेशी कृत्रिम माध्यमात स्वतंत्रपणे वाढविता येतील, ही कल्पना हाबरलांट यांनी १९०२ साली मांडली. ऑक्सिन व सायटोकायनिन या संप्रेरकांच्या प्रमाणावर मूळ फुटणार की अंकुर, हे अवलंबून असते, असे स्कूग व मिलर यांनी १९५७ साली दाखवून दिले. १९६२ साली मुराशिगे व स्कूग यांनी सिद्ध केलेले माध्यम आज 'एम.एस. माध्यम' या नावाने सर्वत्र वापरले जाते.

मुसळीच्या बाबतीत मुळांच्या शिरोभागातील कळीयुक्त तुकडा घेतात. तो मातीत वाढलेला असल्याने त्याचे निर्जंतुकीकरण हीच सर्वांत कठीण पायरी ठरते. त्यासाठी वापरले जाणारे मर्क्युरिक क्लोराइड विषारी आहे. त्याचे सांडपाणी मोरीत न सोडता स्वतंत्रपणे साठवून त्याची विहित पद्धतीने विल्हेवाट लावणे आवश्यक असते. त्यानंतर सायटोकायनिनयुक्त माध्यमात अंकुरांची संख्या वाढविणे, ऑक्सिनच्या साहाय्याने त्यांना मुळे फोडणे व शेवटी दमट वातावरणातून क्रमशः बाहेरच्या हवेत आणून रोपे कणखर करणे, असे टप्पे येतात. मुसळीच्या सूक्ष्म अभिवृद्धीची पद्धत राजस्थानातील संशोधकांनी १९९४ सालीच प्रसिद्ध केली आहे. त्यामुळे आज प्रश्न तंत्राच्या उपलब्धतेचा नसून तयार रोपे शेतकऱ्याच्या बांधापर्यंत व वनात परत पोहोचविण्याचा आहे.

४. सूक्ष्मजीवरोधक चाचणी व तिचा अर्थ

या चाचणीत अगारच्या थरावर जीवाणू पसरवून त्यावर अर्कात भिजवलेली चकती ठेवतात, किंवा थरात खळगा करून त्यात अर्क भरतात. जीवाणूंची वाढ जेथे रोखली जाते तेथे स्वच्छ वलय दिसते. बावर, कर्बी व सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रमाणित केलेली चकतीची पद्धत शुद्ध प्रतिजैविकांसाठी होती, हे विसरता कामा नये. वनस्पतीच्या अर्कात अनेक द्रव्ये मिश्रित असतात आणि प्रत्येकाचा अगारमध्ये पसरण्याचा वेग भिन्न असतो. म्हणून १८ मिलिमीटर वलयाचा अर्क १२ मिलिमीटर वलयाच्या अर्कापेक्षा अधिक प्रभावी, असा निष्कर्ष केवळ मोजपट्टीवरून काढता येत नाही.

वलय ही प्राथमिक सूचना होय. त्यापुढे द्रव माध्यमात क्रमशः विरल केलेल्या अर्काने किमान निरोधक मात्रा ठरवावी लागते. केवळ विद्रावकाची चकती व ज्ञात प्रतिजैविकाची चकती तुलनेसाठी ठेवणे अनिवार्य आहे. सालींतील टॅनिने प्रथिनांना साकळतात. त्यामुळे तुरट अर्क सरसकट प्रभावी भासतात. शिवाय जीवाणूला मारणारे द्रव्य मानवी पेशींनाही घातक असू शकते. या पायऱ्या पूर्ण होण्यापूर्वी 'औषध सापडले' असे म्हणणे शास्त्रसंमत नाही.

५. बोईसर-तारापूरचा विशेष प्रश्न

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. याचा वनस्पतिसंशोधनाशी थेट संबंध आहे. प्रदूषित मातीत वाढणाऱ्या वनस्पती जड धातू शोषून घेऊ शकतात. तांबे, जस्त यांसारखे धातू पुरेशा मात्रेत जीवाणूंची वाढ रोखतात. अशा ठिकाणच्या पानांच्या अर्काभोवती वलय दिसले, तर ते वनस्पतीच्या द्रव्यामुळे की शोषलेल्या धातूमुळे, हा प्रश्न उपस्थित होतो. यावर उपाय असा की त्याच जातीचा नमुना जव्हारसारख्या कारखान्यांपासून दूरच्या भागातूनही घ्यावा व दोन्हींचे धातुपृथक्करण करावे. महाविद्यालयाच्या आवारातील सोयीचे झाड निवडण्याची प्रथा येथे विशेष धोक्याची ठरते.

६. दोन प्रक्रियांचा परस्परसंबंध

काचपात्रातील रोप दिसण्यात मूळ वनस्पतीसारखे असले, तरी त्यात औषधी द्रव्य तितकेच असेल अशी खात्री नसते. अशी द्रव्ये पुष्कळदा कीड, ऊन, पाण्याचा ताण यांना प्रतिसाद म्हणून व विशिष्ट अवयवांतच तयार होतात. सालीत साठणारे कोनेसीन पानापासून केलेल्या कॅलसमध्ये मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. उलटपक्षी, योग्य पेशी निवडल्यास संवर्धनातून विपुल द्रव्य मिळू शकते. जपानमध्ये १९८३ पासून शिकोनिन हे रंगद्रव्य पेशीसंवर्धनाने औद्योगिक प्रमाणावर तयार करण्यात आले. म्हणून वनातील नमुना, काचपात्रातील रोप आणि शेतात वाढविलेले तेच रोप या तिन्हींच्या अर्कांची एकाच पद्धतीने चाचणी व्हावयास हवी. तिन्हींत गुण टिकून असल्याचे दिसले, तरच वनातील झाडाऐवजी शेतातील रोप वापरा, असे सांगण्याचा आधार आपल्यास प्राप्त होतो.

७. निष्कर्ष

नमुन्याची निश्चित ओळख, उगमस्थानाची नोंद, अभिवृद्धी आणि चाचणी ही एक सलग साखळी होय. यांपैकी एक दुवा निखळला तरी उरलेल्यांचे मोल कमी होते. ज्या आदिवासी जाणकारांकडून वनस्पतीचा उपयोग प्रथम कळतो, त्यांच्या संमतीची व श्रेयाची नोंदही या साखळीत असली पाहिजे. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी ठेवावयाची लोकजैवविविधता नोंदवही यासाठी उपयुक्त ठरते. महाविद्यालयांना महागड्या उपकरणांशिवायही यातील पुष्कळसे कार्य करता येण्याजोगे आहे. प्रतिवर्षी नव्या वनस्पतीचे नवे वलय मोजण्यापेक्षा मुसळी किंवा कुडा यांपैकी एकच वनस्पती घेऊन, विद्यार्थ्यांच्या लागोपाठच्या तुकड्यांकडून ही साखळी पूर्ण करून घेतल्यास ते संशोधन जिल्ह्याच्या वनसंपदेस व तिच्यावर अवलंबून असणाऱ्या समाजास अधिक उपकारक ठरेल.