पंगतीचं बिल कोण भरतं?

शिवनेरीला तुम्ही कितीदा तरी गेला असाल. शिवाई देवीचं दर्शन, जन्मस्थान, वरून जुन्नरचा एक फोटो, खाली आल्यावर वडापाव. त्याच डोंगराच्या कड्यांमध्ये बौद्ध लेणी आहेत, तिकडे मात्र फार कुणी वळत नाही. तिथल्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीत छोटासा मजकूर कोरलाय. त्याचा अर्थ असा, की चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दान दिला. यवन म्हणजे ग्रीक, पश्चिमेकडून आलेला माणूस. आता बघा, कुठला कोण चिट, पार जुन्नरला येतो आणि भिक्षूंच्या जेवणाची सोय करून जातो. लेण्यातली मेसच म्हणा ना.

ही मेस आठवायचं कारण मात्र आजचं आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच कॅथलिक धर्मप्रांतांमध्ये वर्षातून एकदा ‘सेमिनेरियन गाला’ होतो. मोठा हॉल, सूट-बूट आणि गाऊन, गोल टेबलं. एखादी कंपनी किंवा कुटुंब अख्खं टेबल विकत घेतं, त्या टेबलावर त्यांच्या नावाची पाटी लागते. कुणीतरी दिलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. भाषणं होतात आणि मग स्टेजवर येतात ती मुलं, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं. वय साधारण तुमच्या-माझ्याएवढं. ही मुलं धर्मगुरू व्हायचं शिक्षण घेतायत आणि त्या शिक्षणाचा खर्च या जेवणातून निघणार आहे.

पहिल्यांदा वाचताना हे थोडं विचित्र वाटतं. साधेपणानं जगायला निघालेल्या मुलासाठी एवढी झगमगाट? पण जरा आपल्या गावच्या सप्ताहाकडे बघा. आंबेगाव काय, जुन्नर काय, अखंड हरिनाम सप्ताह नाही असं गाव सापडायचं नाही. कीर्तनकारांचं मानधन, मंडप, साउंड, रोजची पंगत, सगळं लोकवर्गणीतून. आजची पंगत कुणाची, हे माईकवरून तीनदा सांगतात. पत्रिकेवर अन्नदात्यांची यादी असते आणि त्यात एखाद्याचं नाव राहिलं तर पुढच्या वर्षीपर्यंत रुसवा चालतो. नाव दगडावर कोरा, टेबलावर लावा नाहीतर पत्रिकेत छापा, देणाऱ्याला ते दिसायला हवं असतं. यात मला काही वावगं वाटत नाही. खरा प्रश्न दुसराच आहे. ज्याच्यासाठी पैसे गोळा होतात, त्या पोराच्या डोक्यावर त्याचं ओझं किती बसतं?

त्याआधी एवढे पैसे लागतात तरी कशाला, ते पाहू. कॅथलिक धर्मगुरू व्हायचं तर चर्चच्या कायद्याप्रमाणे किमान सहा वर्षं अभ्यास लागतो. दोन पूर्ण वर्षं तत्त्वज्ञान आणि चार पूर्ण वर्षं ईशज्ञान, म्हणजे थिऑलॉजी. प्रत्यक्षात सुरुवातीची तयारी आणि मधला कामाचा अनुभव धरला तर आठ-दहा वर्षं सहज जातात. जेझुइटांसारख्या संघांमध्ये तर त्याहून जास्त. म्हणजे बारावीनंतर आत गेलेला मुलगा बाहेर येतो तेव्हा त्याच्या वर्गातल्या पोरांची लग्नं झालेली असतात, काहींची मुलं बालवाडीत जात असतात. एवढी वर्षं त्याची कमाई शून्य. राहणं, खाणं, पुस्तकं, दवाखाना, गावाला जायचं तिकीट, सगळं दुसऱ्याच्या पैशातून. घरच्यांना जमेल तेवढं ते देतात, पण मोठा भार बहुतेकदा त्याचा धर्मप्रांत किंवा संघ उचलतो. आणि धर्मप्रांताकडे पैसे येतात ते रविवारी मिस्साला बसलेल्या माणसांच्या खिशातून.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर मेट्रोनं रामवाडीला उतरा. वनाजहून निघालेली लाइन जिथे संपते, तिथेच नगर रोडला ‘पेपल सेमिनरी’ आहे. नाव पोपवरून, कारण तिची स्थापनाच पोप तेरावे लिओ यांनी केली. पण ती पुण्यात नव्हती. १८९३ मध्ये ती श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झाली आणि भारतातली मुलं समुद्र ओलांडून तिथे शिकायला जायची. दोन्ही देश स्वतंत्र झाले आणि १९५५ मध्ये सेमिनरी पुण्यात आली. तिथले विद्यार्थी ज्या ज्ञानदीप विद्यापीठात शिकतात, ते शेजारीच आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं येतात. मल्याळी, खासी, छोटा नागपूरचे आदिवासी, गोव्याचे, वसईचे.

सेमिनरीचं बोधवाक्य लॅटिनमध्ये आहे. त्याचा भावार्थ असा, की हे भारता, तुझीच मुलं तुझ्या तारणाची सेवक होतील. ब्रिटिशांचं राज्य ऐन भरात होतं तेव्हाचं हे वाक्य. युरोपातून पाद्री पाठवत बसण्यापेक्षा इथल्याच मुलांना शिकवा, असा त्याचा अर्थ. आणि शिकवायचं तर पैसे हवेत! त्याच वर्षी जूनमध्ये लिओ यांनी भारतातल्या सेमिनरींविषयी एक पत्रक काढलं आणि त्यात युरोपातल्या कॅथलिकांना यासाठी हात सैल सोडायचं आवाहन केलं. आजच्या भाषेत क्राउडफंडिंग. लिंक आणि क्यूआर कोड नव्हता एवढंच.

तशीच एक मोहीम त्याच्या चारच वर्षं आधी फ्रान्समध्ये सुरू झाली होती, आणि ती एका मायलेकीनं सुरू केली होती. कां शहरातल्या स्टेफनी बिगार आणि तिची मुलगी जान. १८८९ मध्ये त्यांना जपानमधल्या नागासाकीच्या बिशपांचं पत्र आलं. मुलं धर्मगुरू व्हायला तयार आहेत, पण पैसे नसल्यानं मला त्यांना परत पाठवावं लागतंय, असं त्यात होतं. या दोघी काही कुणी मोठ्या संस्थेच्या नव्हत्या. त्यांनी स्वतःजवळचं द्यायला सुरुवात केली आणि मग दारोदार मागायला लागल्या. त्यातून सेंट पीटर सोसायटी उभी राहिली आणि १९२२ मध्ये रोमनं तिला अधिकृत दर्जा दिला. आशिया-आफ्रिकेतल्या सेमिनरींना आजही तिच्यामार्फत मदत जाते. जानचा शेवट मात्र चांगला झाला नाही. आई गेल्यावर ती मनानं खचली, पुढची कितीतरी वर्षं आजारात गेली. १९३४ मध्ये ती वारली.

या मदतीची एक जुनी पद्धत आहे, ‘बर्स’. ठरावीक रक्कम एकदाच द्यायची, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून एका विद्यार्थ्याचा खर्च भागवायचा. तो धर्मगुरू झाला की त्याच व्याजावर पुढचा. कॉमर्सवाल्यांना हा हिशेब आवडेल. पण यातही आपल्या भागानं नंबर आधीच लावलाय. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. (नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आपल्या मानमोडी डोंगरात आहे, म्हणजे पाहुणे जवळचेच.) उषवदातानं विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण कायमची ठेव ठेवली. व्याज महिना शंभराला एक. महिन्याला २०, वर्षाला २४०. त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. गुणून बघा, चोख जमतं. अशा ठेवीला ते ‘अक्षयनीवी’ म्हणायचे. जुन्नरच्या लेखांतही बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवी आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं तर सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलंय. मंचरच्या मार्केट यार्डातल्या आडत्यांनी मिळून हॉस्टेल बांधून द्यावं, तसंच काहीसं.

आता तो ओझ्याचा प्रश्न. समजा, सातव्या वर्षी त्या मुलाला वाटलं, हे आपल्याला जमणार नाही. लग्न करावंसं वाटतंय, किंवा श्रद्धाच डळमळलीय. तोपर्यंत त्याच्यावर कितीतरी लोकांचे पैसे खर्च झालेत. गावानं त्याला ‘आमचा फादर’ म्हणायला सुरुवात केलीय. आईनं पहिल्या मिस्साचं स्वप्न बघितलंय. तो निघू शकतो?

नियम म्हणतो, हो. चर्चच्या कायद्यातलं कलम १०२६ स्पष्ट आहे: दीक्षा घेणारा पूर्ण मोकळा असला पाहिजे, कुणालाही, कुठल्याही कारणानं, कसल्याही मार्गानं दीक्षेसाठी भाग पाडायला सक्त मनाई. सेमिनरीची वर्षं ही नुसत्या अभ्यासाची नसतात, आपल्याला खरंच पाचारण आहे का हे तपासायचीही असतात. ‘नाही’ हे उत्तरही तिथे चालतं. कागदावर तरी. प्रत्यक्षात, फी भरणाऱ्या बापाला ‘इंजिनिअरिंग सोडतोय’ असं सांगताना पोटात काय होतं, ते तुमच्यातल्या काहींना चांगलं माहीत असेल. इथे तर बाप हजार असतात.

म्हणून मला त्या गालापेक्षा चिटचा लेख जास्त शहाणा वाटतो. त्यानं भोजनमंडप दिला तो संघाला. अमक्या भिक्षूला नाही. आत कोण जेवलं, कोण चीवर टाकून घरी परत गेलं, याचा हिशेब त्यानं मागितलेला नाही. सेमिनरीसाठी पैसे मागताना मुलाचा फोटो, नाव, गाव छापून ‘याला दत्तक घ्या’ म्हटलं तर पैसे लवकर जमतात, हे कुठलीही एनजीओ सांगेल. पण मग त्या फोटोतल्या मुलाला दार उघडून बाहेर पडणं तेवढंच अवघड होतं. पैसे घराला द्यावेत, पोराला नाही.

आळंदीनं हे वेगळ्या पद्धतीनं सोडवलं होतं. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये तिथे वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. चार वर्षांचा अभ्यासक्रम. ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तन, पखवाज. आपल्या दोन तालुक्यांत सप्ताहाला येणाऱ्या अनेक महाराजांची ओळख करून देताना ‘आळंदीचे’ म्हणतात, ते यामुळे. तिथली मुलं माधुकरी मागायची. या घरात भाकरी, त्या घरात भाजी, पुढच्या घरात काहीच नाही. कुठल्याही एका घराचं मोठं देणं डोक्यावर बसत नव्हतं. शिवाय रोज दारात उभं राहावं लागायचं, त्यामुळे आपण कुणाचं खातोय हेही विसरता येत नव्हतं.

अशा पैशातून निघतं काय? एक वसईच्या नंदाखालचा शेतकऱ्याचा मुलगा घ्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुबोध बायबल’ त्यांचं, ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षं संपादक, वसईची हिरवी जमीन वाचवायच्या आंदोलनात पुढे, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. दुसरे थॉमस डाबरे, तेही वसईचेच. २००९ ते २०२३ पुण्याचे बिशप. त्यांचा संशोधनग्रंथ आहे तुकारामांवर! तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आपल्या ओतूरला, त्यामुळे हा धागा फिरून जुन्नर तालुक्यातच येतो.

एक गोष्ट राहतेच. गाला असतो तो होणाऱ्या फादरांसाठी. शाळा, दवाखाने, वसतिगृहं चालवणाऱ्या सिस्टर्सही वर्षानुवर्षं प्रशिक्षण घेतात, पण त्यांच्या नावानं झुंबरं लागल्याचं सहसा वाचनात येत नाही. जुन्नरच्याच एका लेखात लेणं आणि टाक्याबरोबर, गावातल्या धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्षुणींच्या निवासासाठीही ठेव दिल्याची नोंद आहे. भिक्षूंची लेणी डोंगरात, ती आपल्याला दिसतात. भिक्षुणींचं घर होतं जुन्नर गावात, आज जिथे बाजारपेठ आणि एसटी स्टँड आहे, तिथंच कुठेतरी आसपास.