शंख-जीवाश्म, अंतरा-ट्रॅपी
दक्षिण ट्रॅपमधील लाव्ह्याच्या दोन थरांदरम्यान साचलेल्या गाळाच्या खडकांत आढळणारे गोगलगायींच्या कवचांचे शिळारूप अवशेष. हे अवशेष मुख्यतः गोड्या पाण्यातील गोगलगायींचे असून जमिनीवरील जातींचे अवशेष विरळ आहेत. ट्रॅपचे उद्रेक सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस व पॅलिओसीन कालाच्या आरंभी, थांबून थांबून झाले. विरामकाळात लाव्ह्याच्या पृष्ठावरील खोलगट भागांत तळी निर्माण झाली. त्यांत साचलेले मृत्तिका, चुनखडक व चर्ट यांचे पातळ थर पुढील लाव्ह्याखाली झाकले गेले. कवचातील कॅल्शियम कार्बोनेटाची जागा पुष्कळदा सिलिकेने घेतल्यामुळे त्यांचा आकार टिकून राहिला आहे.

निर्मलच्या डोंगराळ भागातून व आसपासच्या प्रदेशातून जे. जी. माल्कमसन यांनी गोळा केलेल्या शंखांचे वर्णन जे. डी. सी. सॉवर्बी यांनी १८४० मध्ये प्रसिद्ध केले. नागपूरजवळील टाकळी येथील समृद्ध थरांचा अभ्यास स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी केला आणि हिस्लॉप यांनी १८६० मध्ये अनेक जातींची वर्णने दिली. सर्वांत परिचित जाती फायसा प्रिन्सेपी  ही आहे. तिचे कवच वामावर्ती (डावीकडे वेटोळे असलेले) असून काही नमुने ५ सेंमी.पेक्षा अधिक उंच आहेत. तिच्याबरोबर व्हिव्हिपॅरस, लिम्निया, व्हॅल्व्हाटा  इ. वंशांत गणलेले शंख आढळतात.

यूरोपातील शंखांशी असलेल्या साम्यावरून हिस्लॉप यांनी हे थर इओसीन कालातील मानले. गोड्या पाण्यातील गोगलगायींचा आकार दीर्घकाळ फारसा बदलत नाही, म्हणून केवळ त्यांच्यावरून कालनिश्चिती करणे धोक्याचे असते. लाव्ह्याचे किरणोत्सर्गी कालमापन, डायनोसॉरांचे अवशेष व छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील प्लवकी फोरॅमिनीफेरा यांवरून हे थर क्रिटेशस-पॅलिओसीन सीमेच्या आसपासचे असल्याचे आता सिद्ध झाले आहे.

जीवभूगोलाच्या दृष्टीने या शंखांचे महत्त्व वेगळे आहे. गोड्या पाण्यातील गोगलगायी खारा समुद्र ओलांडू शकत नाहीत. मादागास्करपासून सु. ८·८ कोटी वर्षांपूर्वी अलग झालेला भारत त्या काळी उत्तरेकडे सरकणारे एक बेट होता. तेव्हा येथील शंख अगदी निराळे असावेत, अशी अपेक्षा होते. प्रत्यक्षात व्हॅल्व्हाटासारखे उत्तर गोलार्धातील खंडांशी नाते दाखविणारे शंखही येथे मिळतात. ही कुले खंड एकत्र असतानाच सर्वत्र पसरली असावीत, किंवा मधल्या द्वीपमालिकांमार्गे अथवा पक्ष्यांच्या पायांना चिकटून ती आली असावीत, असे पर्याय मांडले जातात.

मात्र येथे नावांनी फसगत होण्याचा संभव असतो. प्रिन्सेपी  जातीचा समावेश काहींनी आफ्रिकेतील बुलिनस  वंशात केला होता. हल्ली तिला प्लॅटिफायसा  या स्वतंत्र वंशात ठेवतात. वंश बदलताच खंडांमधील नातेही बदलते. भारतात आज आढळणारी फायसा (फायसेला) अक्युटा  ही लहान गोगलगाय मूळची उत्तर अमेरिकेतील असून अर्वाचीन काळात मानवाबरोबर येथे आली. प्राचीन फायसाशी तिचा वंशसंबंध जोडता येत नाही.

पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा याच ट्रॅपवर वसलेला आहे. परंतु शंखयुक्त थर मुख्यतः ट्रॅपच्या पूर्व व ईशान्य कडेला, नागपूर, वर्धा, चंद्रपूर या भागांत आढळतात. मुंबईतील मलबार हिल व वरळी येथील थर पश्चिमेकडील असून ते बेडकांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहेत. पुणे परिसरात लाव्ह्यांदरम्यान गाळाच्या खडकाऐवजी बहुधा तांबडी माती (बोल) दिसते. ही पूर्वी उघड्या पडलेल्या, झिजलेल्या पृष्ठाची खूण असून तीत चुन्याची कवचे सहसा टिकत नाहीत. तरीही दगडखाणी, बोगदे व कारखान्यांच्या पायांची खोदाई यांमुळे नवे छेद उघडे पडतात आणि लवकरच पुन्हा झाकले जातात. टाकळीचा परिसर आज नागपूर शहरात सामावला गेला आहे. अशा ठिकाणी मिळालेल्या जीवाश्माबरोबर त्याचा नेमका थर नोंदविला गेला नाही, तर जीवभूगोलाच्या दृष्टीने त्याचे मूल्य फार कमी उरते.