जुन्या ट्रॅक्टरची वायरिंग: आधी मोजा, मग सामान बदला



ऊसतोड सुरू झाली की एक तक्रार हमखास येते. पहाटे चावी मारली, 'टक्' असा आवाज आला आणि पुढं काहीच नाही. मग शेजारच्याची बॅटरी, धक्का, उतार, आणि दुपारपर्यंत बाजारातून नवी बॅटरी. आठ दिवसांनी पुन्हा तेच 'टक्'.

मागच्या हंगामात आपल्या एका सभासदानं अशीच नवी बॅटरी घेतली, तरी फरक पडला नाही म्हणून सेल्फ दुरुस्त करून आणला. शेवटी दोष निघाला निगेटिव्ह केबलच्या बोल्टात. चॅसीवर जिथं केबल आवळतात तिथं गंज चढला होता. पॉलिश पेपरनं घासून बोल्ट आवळला, काम दहा मिनिटांचं. बॅटरीचे आणि सेल्फचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

म्हणून आजचा मेसेज. थोडा मोठा आहे, पण स्टार करून ठेवा, वेळेला उपयोगी पडेल. लागेल फक्त एक साधा मल्टिमीटर (डीसी २० व्होल्टवर लावायचा) आणि एक टेस्ट लॅम्प, म्हणजे १२ व्होल्टचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी.

*हात लावण्याआधी*

▪️ घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. बॅटरीवर पान्हा आडवा पडला तर तो क्षणात लाल होतो.
▪️ केबल काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी.
▪️ चार्ज होणाऱ्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. जवळ विडी, काडी, ठिणगी नको.
▪️ इंजिन चालू असताना बॅटरीची केबल कधीही काढू नका. अल्टरनेटर जळू शकतो.
▪️ कुठलीही वायर सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. जुन्या गाडीत वायरींचे रंग मूळचे राहिलेले नसतात.

*१) बॅटरी खरंच उतरली आहे का?*

सकाळी इंजिन चालू करण्याआधी, सगळे दिवे बंद ठेवून बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर लावा.

▪️ १२.६ किंवा जास्त: पूर्ण चार्ज
▪️ १२.४ च्या आसपास: साधारण पाऊण
▪️ १२.२: निम्मी
▪️ १२ च्या खाली: जवळजवळ रिकामी, आधी चार्जिंगला लावा

बॅटरी उतरलेली असताना पुढची तपासणी करून उपयोग नाही. रिकाम्या टाकीवर पाइपलाइन तपासल्यासारखं होईल ते.

*२) दिवे लागतात, पण सेल्फ का फिरत नाही?*

इथंच सगळ्यांची फसगत होते. "दिवा चांगला लागतोय, म्हणजे करंट आहे," असं आपण म्हणतो. पण हेडलाइटच्या एका बल्बला लागतात साधारण ५ अँपिअर आणि सेल्फला लागतात २०० च्या आसपास, थंडीत त्याहूनही जास्त. गंजलेला जोड म्हणजे अर्धा बंद व्हॉल्व्ह. ठिबकच्या एका नळीला पुरेल इतकं पाणी त्यातून जातं, पण मोटारीचा पूर्ण प्रवाह जात नाही.

आकड्यात बघा. जोडात फक्त ०.०१ ओहम अडथळा आहे असं धरू. ५ अँपिअरला तिथं ०.०५ व्होल्ट पडतात, ते कळतही नाहीत. २०० अँपिअरला तिथंच २ व्होल्ट खाल्ले जातात आणि सेल्फ अडखळतो. म्हणून केबल डोळ्यांनी बघून उपयोग नाही, सेल्फ मारत असताना मोजावं लागतं.

*तपासणी अशी करा:* गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. एक माणूस सीटवर बसून स्टॉपचा नॉब ओढून धरेल, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि चावी मारेल. दुसरा माणूस बाजूला उभा राहून मीटर बघेल, चाकापुढं किंवा चाकामागं नाही. एका वेळी ५ ते १० सेकंदच सेल्फ मारा, मध्ये थोडी उसंत द्या.

▪️ *बॅटरीच्या दोन खांबांवर:* चार्ज बॅटरी असूनही आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जाम होऊन जास्त करंट ओढतोय. चांगली बॅटरी लावून बघा. तरीही आकडा पडला, तर दोष सेल्फकडं.
▪️ आकडा १२ च्या आसपासच राहिला आणि सेल्फ फिरला नाही, तर बॅटरीतून करंट निघतच नाही. जोड, चावीचा स्विच किंवा सोलेनॉइड बघा.
▪️ *बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते इंजिनचं उघडं लोखंड:* ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं, तर अर्थिंग खराब.
▪️ *बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट:* ०.५ पेक्षा जास्त दाखवलं, तर ती केबल किंवा तिचे जोड खराब.

मीटरची पिन केबलच्या क्लॅम्पवर नाही, थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा. बऱ्याचदा दोष खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्येच असतो.

*इलाज:* पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवा, पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. खांब, क्लॅम्प आणि चॅसीची जागा लोखंड चमकेपर्यंत घासा. रंगावर किंवा गंजावर अर्थिंग धरत नाही. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा.

*३) 'टक्' सुद्धा येत नाही तेव्हा*

चावी मारल्यावर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर टेस्ट लॅम्प लावा. दुसरी वायर इंजिनच्या लोखंडाला. दिवा लागला पण सोलेनॉइड गप्प, तर सोलेनॉइड गेला. दिवाच लागला नाही, तर मागं मागं जा: क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच, मग चावीचा स्विच, मग फ्यूज. जिथं दिवा लागतो आणि त्याच्या पुढं लागत नाही, त्या दोन जागांच्या मध्येच दोष.

⚠️ *आता सगळ्यात महत्त्वाचं.* इथं आलं की बरेच जण स्क्रू ड्रायव्हर घेऊन सेल्फचे दोन बोल्ट शॉर्ट करतात. खाली उभं राहून. सेफ्टी स्विच हा त्रास नाही, गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ लागू नये म्हणून तो बसवलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर लावला की तो स्विच बाजूला पडतो. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर इंजिन चालू होताच ट्रॅक्टर पुढं उडी घेतो, आणि मोठं चाक बरोबर तिथंच असतं जिथं तुम्ही उभे असता. बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. अशा प्रकारे माणसं दगावली आहेत. एक दिवस खेप बुडाली तर चालेल, पण हे करू नका. घरातल्या पोरांनाही करू देऊ नका. स्विच खराब असेल तर बदला, तो थेट जोडून टाकू नका.

*४) चार्जिंग होतंय का?*

जुनं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की विजेशिवायही चालतं. त्यामुळं चार्जिंग बंद पडलेलं दिवसभर कळत नाही, कळतं दुसऱ्या दिवशी सकाळी. इंजिन मध्यम रेसवर ठेवून बॅटरीवर मीटर लावा.

▪️ १३.८ ते १४.५: ठीक
▪️ १३ च्या खाली: पट्टा ढिला, जोड सुटलेला किंवा अल्टरनेटर खराब
▪️ १५ च्या वर: रेग्युलेटर गेला. बॅटरीचं पाणी सारखं आटत असेल तर हेच कारण असू शकतं.

चावी 'ऑन' केल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच दिव्यातून मिळतो. तो उडाला असेल तर चार्जिंग सुरूच होत नाही, आणि आपण अल्टरनेटर खोलत बसतो.

*५) रात्रीत बॅटरी उतरते*

सगळं बंद करा, चावी काढा. निगेटिव्ह केबल सोडवून खांब आणि केबल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडा. दिवा लागला, तर कुठंतरी करंट गळतोय. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला दिवा विझेल, त्या लाइनमध्ये गळती. बहुतेक वेळा ती नंतर जोडलेल्या टेपमध्ये, जादा दिव्यांत किंवा मोबाईल चार्जरमध्ये सापडते. एकही फ्यूज काढून दिवा विझला नाही, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा. मात्र ही वायर सोडवताना आणि जोडताना निगेटिव्ह मोकळा ठेवा. लॅम्प मध्ये असताना सेल्फ मारू नका.

*६) फ्यूज सारखा उडतो*

फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि वायरीजवळच डिझेलचा पाइप असतो. त्याऐवजी त्या लाइनचे बल्ब काढा आणि फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडा. शॉर्ट असेल तर लॅम्प जोरात पेटेल. आता वायरिंग थोडी थोडी हलवत चला. जिथं हलवल्यावर लॅम्प विझतो, तिथं वायर सोलवटून लोखंडाला लागली आहे. पत्र्याच्या भोकातून वायर जाते ती जागा, सायलेन्सरजवळची जागा आणि उंदरांनी घर केलेला कोपरा आधी बघा.

*७) ट्रॉलीचे दिवे*

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा मागचे सगळे दिवे एकदम मिणमिणतात, असं असेल तर बल्ब बदलू नका. दोष अर्थिंगचा आहे. ट्रॉलीला अर्थिंग हूक आणि पिनमधून मिळतं असं धरून चालतो, पण तिथं ग्रीस, माती आणि गंज असतो. सॉकेटमधून एक वेगळी वायर ट्रॉलीच्या चॅसीपर्यंत न्या. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. रात्री उसाची ट्रॉली मागून दिसली नाही तर मोटारसायकलवाला थेट येऊन धडकतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. दिव्यांसोबत रिफ्लेक्टरही लावा, दिवा गेला तरी तो दिसतो.

*वायर जोडताना:* नुसती पिळून काळी टेप गुंडाळू नका, उन्हानं टेप सुटते. लग दाबून पक्का जोड करा. जादा दिवे लावायचे तर रिले घाला आणि बॅटरीजवळच वेगळा फ्यूज ठेवा.

इलेक्ट्रिशियनकडं जाताना वरचे आकडे कागदावर लिहून न्या. "सेल्फ लागत नाही" यापेक्षा "सेल्फ मारताना बॅटरीवर ११.८ आणि अर्थिंगला १.५ दाखवतंय" असं सांगितलं, तर त्याचाही वेळ वाचतो आणि तुमचं सामानही उगाच बदललं जात नाही.

कंपनीच्या सेवा केंद्रात एक मल्टिमीटर ठेवला आहे. नाव नोंदवून एका दिवसासाठी घेऊन जा. आकडे कळले नाहीत तर मीटरचा फोटो आणि कुठं पिन टेकवली त्याचा फोटो, दोन्ही याच मेसेजला उत्तर म्हणून पाठवा. बघून कळवू.

सुरक्षित चालवा, रात्री घरी वेळेवर पोहोचा. 🙏