नोंदवहींतील नांव

माजिवड्यासारख्या वस्तींत डॉक्टरांच्या पाट्या दाटीनें दिसतात. त्या लावण्याचा अधिकार पदवीनें पुरा होत नाहीं. वैद्यक परिषदेच्या नोंदवहींत नांव असावें लागतें. 1912 च्या मुंबई वैद्यक कायद्यानें ही पद्धति येथें रुजविली. आज तें काम महाराष्ट्र वैद्यक परिषद पाहते.

दाखल रुग्णाचे कागद मागणी होतांच 72 तासांच्या आंत द्यावे, असा 2002 चा नियम आहे. गुप्ततेची सबब तर मुंबई उच्च न्यायालयानें 1996 सालींच नाकारिली होती. तरीहि कागद न मिळाल्यास परिषदेकडे तक्रार करतां येते. परिषद खुलासा मागविते. कित्येकांस तें पत्र रद्दीच वाटतें! वास्तविक, जिच्या नोंदीवर आपला धंदा उभा आहे तिलाच न जुमानणें होय तें. दोष ठरल्यास ताकीद मिळते, किंवा नांव कांहीं काळ वा कायमचें काढलें जातें. त्यानंतरहि औषधोपचार केल्यास 2019 च्या कायद्यान्वयें एक वर्षापर्यंत कैद, पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मात्र परिषदेच्या निर्णयावर वरिष्ठ मंडळाकडे अपील करणारा म्हणून या नव्या कायद्यांत डॉक्टराचाच उल्लेख आहे. पूर्वींच्या नियमांत 60 दिवसांच्या आंत दाद मागण्याचा हक्क असमाधानी तक्रारदारासहि होता.