गाविलगडाची उत्तर बाजू

सातपुड्याच्या धारेवर, मेळघाटात चिखलदऱ्याला लागून गाविलगड भेटतो. हा गड एके काळी नागपूरकर भोसल्यांचा. उंची सुमारे ११०० मीटर. गड मूळचा गवळ्यांचा, असं परंपरा सांगते. दगडी किल्ला मात्र बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५च्या सुमारास बांधवून घेतला.

गडावर पाहायचं ते दिल्ली दरवाजाचं कोरीवकाम. दोन डोक्यांचा गंडभेरुंड, दोन्ही चोचींत हत्ती धरलेले. हे विजयनगरकडचं चिन्ह वऱ्हाडात कसं आलं? १४८८मध्ये गडाची डागडुजी करणारा फत्तेउल्ला इमादउल्मुल्क हा जन्माने विजयनगरकडचा ब्राह्मण, लहानपणी पकडून आणलेला. पुढे त्यानेच वऱ्हाडात इमादशाही उभी केली. मला तरी त्या दगडात त्याच्या मुळाचीच आठवण दिसते.

दक्षिणेला सरळ तुटलेले कडे, तिकडून कुणाची छाती नव्हती. उत्तरेला मात्र गड एका चिंचोळ्या पट्ट्याने पठाराला जोडलेला आहे. तेवढीच वाट उघडी, म्हणून तटबंदीचा सगळा जोर तिथेच.

१८०३च्या नोव्हेंबरात अडगावला भोसल्यांचा पराभव झाला आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली गडाकडे वळला. तो स्वतः दक्षिणेकडे राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनला डोंगराला वळसा घालून उत्तरेला धाडलं. रस्ता नव्हताच. सैनिकांनी आधी वाट खोदायची आणि मग तीच वाट चढून अवजड तोफा हातांनी ओढायच्या. दऱ्या, नाले, चढ, असे पाच-सहा दिवस! गाविलगड पडला तो खरं म्हणजे या ओढण्यात. पुढचं सगळं त्यानंतरचं. १३ डिसेंबरला तोफा धडाडल्या आणि १४च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटांना भगदाडं पडली. १५ तारखेला सकाळी हल्ला झाला. आतला तट तेव्हाही शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने त्याला शिड्या लावल्या, आत उतरून दरवाजा उघडला.  गडावरच्या शिबंदीचा सरदार बेनीसिंग आणि किल्लेदार दोघेही लढता लढता पडले. पराक्रमाच्या गोष्टी सांगताना आपण जिंकलेल्या लढाया निवडतो. हे दोघे त्यामुळे मागे राहिले, याचं वाईट वाटतं.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी कटक आणि वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला, तरी गाविलगड आणि नरनाळा स्वतःकडे राखले. पुढे तेही गेले. १८५८मध्ये, उठावाच्या धामधुमीत बंडवाल्यांना आसरा मिळू नये म्हणून, इंग्रजांनी इथली तटबंदी पाडायला काढली.