सोलापूरची शशिकला : घर फोडणाऱ्या बाईचं काम

आमच्या वाड्यात थोरल्या काकूला तिच्या पाठीमागे ‘शशिकला’ म्हणत. काकू घरातली मोठी जाऊ. काका गिरणीत, वडील आणि धाकटे काका दुकानांत कामाला. महिन्याचे पैसे घरात आले की काकू हिशेब मागायची, आणि हिशेब जुळला नाही तर सगळ्यांसमोर विचारायची, “उरलेले कुठं गेले?” तेवढं झालं की माजघरात कुजबुज सुरू व्हायची, “आली शशिकला.” मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. शशिकला ही कुणी खरी बाई आहे, हेही मला ठाऊक नव्हतं. तो एक स्वभाव असावा, अशी माझी समजूत होती.

पुढे गल्लीत टीव्ही आला आणि रविवारच्या सिनेमात ती बाई प्रत्यक्ष दिसली. त्यानंतरही कित्येक वर्षांनी, गाण्यांच्या जुन्या पुस्तिका आणि सिनेमासिकं रद्दीतून गोळा करण्याचा नाद लागल्यावर, कळलं की ही शशिकला जवळकर आमच्या सोलापूरची. मी कुठल्या विद्यापीठाचा अभ्यासक नाही. नोकरी सांभाळून जे वाचलं, पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं, त्यावर हा लेख उभा आहे. ज्या बाईच्या नावाने महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत मोठ्या जावांना, नणंदांना नावं ठेवली गेली, तिनं पडद्यावर नेमकं काय काम केलं आणि ते तिच्या वाट्याला का आलं, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

कापडाच्या गावातलं घर

शशिकला यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२चा. त्या वेळचं सोलापूर डोळ्यांसमोर आणायला हवं. १८७७मध्ये इथे पहिली कापड गिरणी निघाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत भोंग्यांवर घड्याळ लावणारं गाव तयार झालं. १९३०च्या मे महिन्यात या गावावर मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे फासावर गेले. त्यानंतर दीड वर्षाने, कापडाच्या धंद्यातल्या एका भावसार घरात ही मुलगी जन्मली. वडील अनंतराव जवळकर हे कापडाचे व्यापारी. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा कानांवर पडत मोठं होणारं हे गाव. इथल्या मुलाला वेगवेगळ्या बोलींची नक्कल शिकवावी लागत नाही.

मुलगी पाच वर्षांची असल्यापासून नाचायची, गायची, जिल्ह्यातल्या गावोगावी रंगमंचावर कामं करायची. तेव्हा ती हौस होती. ती पोटाची गोष्ट झाली ती घर बसल्यावर. शशिकला ही हकिकत सांगत, ती अशी : वडिलांनी धाकट्या भावाला शिकायला लंडनला पाठवलं, कमाई त्याच्या शिक्षणात ओतली. भाऊ शिकला, चांगल्या नोकरीला लागला आणि घराला विसरला. इकडे धंदा बुडाला. खटल्याचं घर सोलापूर सोडून मुंबईला गेलं, या आशेवर की दिसायला चांगल्या, नाचत्या-गात्या मुलीला सिनेमात काम मिळेल.

हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. पडद्यावर ज्या बाईने आयुष्यभर घरं फोडली, तिचं स्वतःचं घर मोडलं ते कुणा कजाग सुनेमुळे नव्हे. ते पैशाने मोडलं, आणि सावरायचं ओझं एका लहान मुलीवर आलं.

बारा-तेरा वर्षांची कमावती

मुंबईत सिनेमा लगेच भेटला नाही. काही काळ या मुलीनं लोकांच्या घरी कामं केली. स्टुडिओंचे उंबरे झिजवताना तिची गाठ नूरजहाँ यांच्याशी पडली. नूरजहाँ तेव्हा नायिकाही होत्या आणि गायिकाही. त्यांचे पती शौकत हुसेन रिझवी ‘झीनत’ हा चित्रपट करत होते. १९४५च्या या चित्रपटात बायकांनी म्हटलेली एक कव्वाली आहे. कव्वाली म्हणजे पुरुषांचा फड, ही रीत मोडणारी हिंदी सिनेमातली ही पहिली कव्वाली मानतात. त्या बायकांच्या घोळक्यात शशिकला बसल्या आहेत. या कामाचे पंचवीस रुपये मिळाले, असं त्या सांगत.

ती कव्वाली मी पुष्कळ वेळा पाहिली आहे. घोळक्यात ती मुलगी ओळखू येते, कारण गाणं दुसरीकडे चालू असतानाही तिचा चेहरा स्वस्थ नसतो. पुढे हाच गुण तिच्या भाकरीचा होणार होता. सीनमध्ये आपलं वाक्य नसतानाही ऐकत असलेली, मनात काहीतरी जुळवत असलेली बाई दाखवणं त्यांना जमे.

रिझवींच्या ‘जुगनू’मध्ये (१९४७) दिलीपकुमार आणि नूरजहाँ यांच्यासोबत त्यांना काम मिळालं. पण त्याच वर्षी देशाची फाळणी झाली आणि नूरजहाँ व रिझवी पाकिस्तानात गेले. पंधरा वर्षांच्या मुलीचा मुंबईतला एकमेव आधार सीमेपलीकडे गेला. फाळणीनं मुंबईच्या सिनेमातून कोण कोण नेलं, याच्या याद्या आपण वाचतो. त्यांच्या जिवावर उभी असलेली लहान लहान माणसं मागे राहिली, त्यांची यादी कुणी केलेली नाही.

त्यानंतरची बारा वर्षं म्हणजे मिळेल ते काम. मैत्रीण, बहीण, दुसरी-तिसरी बाई. व्ही. शांताराम यांच्या ‘तीन बत्ती चार रास्ता’त (१९५३) त्या आहेत. याच काळात ओमप्रकाश सैगल यांच्याशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. नट्यांची लग्नं म्हणजे कारकिर्दीचा शेवट मानण्याचा तो काळ. शशिकला यांना थांबणं परवडण्यासारखं नव्हतं.

‘सुजाता’तली बहीण, ‘आरती’तली जाऊ

१९५९मध्ये बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. नूतन यांनी साकारलेली सुजाता ही अस्पृश्य घरात जन्मलेली, ब्राह्मण घरात वाढलेली मुलगी. त्या घरची सख्खी लेक रमा म्हणजे शशिकला. अधीर या तरुणाचं स्थळ घरच्यांनी रमासाठी पाहिलेलं असतं, आणि त्याचं मन सुजातावर जडतं. सर्वसाधारण हिंदी चित्रपटात इथे रमा जळफळली असती. बिमलदांची रमा जळफळत नाही. ती हसरी आहे, बडबडी आहे, लाडावलेली आहे आणि बहिणीवर तिची खरी माया आहे. सुजाताला पोटची मुलगी म्हणायला घरातली मोठी माणसं कचरतात. रमाला मात्र ती परकी वाटतच नाही. जातीवरच्या या चित्रपटात सगळ्यांत निरोगी मन असलेली व्यक्ती रमा आहे, आणि ते शशिकला यांनी कुठलाही आव न आणता दाखवलं आहे.

तीन वर्षांनी ‘आरती’ (१९६२) आला. ताराचंद बडजात्या यांच्या ‘राजश्री’ची ही पहिली निर्मिती, दिग्दर्शक फणी मजुमदार. मीनाकुमारी, अशोककुमार, प्रदीपकुमार असे मोठे कलाकार. त्यात शशिकला झाल्या नायिकेच्या मोठ्या जाऊबाई, जसवंती. या भूमिकेला सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं आणि सगळं बदललं.

हिंदी सिनेमात वाईट बाया आधीही होत्या. पण त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. ललिता पवार यांची खाष्ट सासू ही मागच्या पिढीतली, थकल्या डोळ्यांची. ‘श्री ४२०’मधली नादिरा यांची माया ही क्लबातली, सिगारेटवाली. हेलन नाचून जायच्या. यांपैकी कुणीही प्रेक्षक बाईच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात राहत नव्हतं. जसवंती तिथे राहते. तिच्या अंगावर नायिकेसारखीच साडी आहे, ती त्याच वयाची आहे, त्याच ताटांत जेवते. ती ओरडत नाही. एका माणसाच्या कानात एक अर्धं वाक्य सोडते, दुसऱ्याच्या कानात दुसरं अर्धं, आणि दोघांना ते जोडू देते.

मी हे प्रसंग थांबवून थांबवून पाहिले, तेव्हा तीन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, वेग. मीनाकुमारींचे संवाद संथ, विरामांनी भरलेले. शशिकला त्याच प्रसंगात दुप्पट वेगानं बोलतात, त्यामुळे समोरच्याला विचार करायला अवधी मिळत नाही. दुसरी, हसू. ते ओठांवर आधी येतं आणि डोळ्यांत येतच नाही. तिसरी, मान. बोलून झाल्यावर त्या किंचित मान वळवतात आणि आपल्या शब्दांचा परिणाम तिरक्या नजरेनं मोजतात. खलनायिका रंगवताना अनेक जणी स्वतःच्याच दुष्टपणावर खूष दिसतात. शशिकला कामात गुंतलेल्या दिसतात, म्हणून त्यांची भीती जास्त वाटते. एरवी घर चालवायला लागणारी हुशारी, कुणाचा स्वभाव काय, कुणाला काय कधी सांगायचं, तीच त्यांनी उलटी फिरवून दाखवली.

लीला नावाची नोकरदार बाई

पुढच्याच वर्षी बी. आर. चोप्रा यांच्या ‘गुमराह’साठी (१९६३) त्यांना तेच पारितोषिक लागोपाठ दुसऱ्यांदा मिळालं. माझ्या मते हा चित्रपट त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली आहे. माला सिन्हा यांची मीना बहिणीच्या मृत्यूनंतर तिच्या मुलांसाठी मेव्हण्याशी लग्न करते. जुना प्रियकर पुन्हा भेटतो, चोरून भेटीगाठी सुरू होतात. मग लीला उगवते. मी त्या प्रियकराची बायको आहे, म्हणते, आणि मीनाकडून पैसे उकळू लागते. लीला दारात आली की मीनाचा जीव अर्धा होतो, आणि प्रेक्षकाचाही.

शेवटी उलगडा होतो. लीला कुणाचीच बायको नाही. ती मीनाच्या नवऱ्याची सेक्रेटरी आहे. बायकोला वाटेवर आणायला त्यानंच हे नाटक रचलं होतं. म्हणजे चित्रपटभर प्रेक्षकांनी जिला शिव्याशाप दिले, ती बाई मालकानं सांगितलेलं काम पगारी नोकर म्हणून चोख करत होती. नवरा मात्र क्षमाशील ठरतो. ज्यानं हे सगळं करवलं, त्याला कुणी दुष्ट म्हणत नाही.

शशिकला यांचं वेगळं काय होतं? त्यांनाही हे काम उद्योगानं दिलं, त्यांनी ते चोख केलं, आणि लोकांनी कामालाच स्वभाव समजून टाकलं. दोन पारितोषिकांनी त्यांचा दर वाढवला असेल, पण दारं कमी केली. ‘आई मिलन की बेला’ (१९६४), ‘वक्त’ (१९६५), ‘फूल और पत्थर’ (१९६६) अशी रांग लागली. चतुर, बोलकी, स्वतःचं काही मागणारी बाई म्हणजे वाईट बाई, हे समीकरण त्यांच्या चेहऱ्यावर पक्कं झालं. अपवाद हृषिकेश मुखर्जींच्या ‘अनुपमा’चा (१९६६). तिथे त्या नायिकेच्या मोकळ्या, खळखळून हसणाऱ्या मैत्रिणीच्या भूमिकेत आहेत. तोच वेग, तीच जीभ, तेच चमकते डोळे. आणि ही बाई आपल्याला मनापासून आवडते. गुण तेच आहेत, फक्त दिग्दर्शकाला त्यांची भीती वाटलेली नाही.

नंतर

उतारवयात त्यांनी मदर तेरेसा यांच्या संस्थेत काही काळ सेवेचं काम केलं. मग पुन्हा चित्रपटांत आणि मालिकांत आजीच्या वयाच्या भूमिका केल्या. २००७मध्ये पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ला, कोरोनाची दुसरी लाट चढत असताना, मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ८८.

मृत्युलेखांत बहुतेक ठिकाणी ‘खलनायिका’ हा शब्द पहिल्या ओळीत होता. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. बारा-तेराव्या वर्षी कमवायला लागलेल्या आणि साठेक वर्षं कॅमेऱ्यासमोर येत राहिलेल्या बाईचं वर्णन तिच्यावर सोपवलेल्या कामावरून करायचं, की तिनं ते कसं केलं त्यावरून? सोलापूरला गिरणीतल्या माणसाबद्दल विचारताना आम्ही त्याच्या हातचं कापड कसं उतरायचं ते विचारतो. ते कापड कोण नेसलं, याचा जाब त्याला कुणी विचारत नाही.

लेखाची टिपणं काढत होतो तेव्हा थोरल्या काकूकडे गेलो होतो. आता ऐंशी उलटली आहे, ऐकू कमी येतं, पण पेन्शनचा हिशेब अजून तीच पाहते. पूर्वी घरातले तुला काय म्हणायचे ठाऊक आहे का, असं मी जरा चाचरतच विचारलं.

“शशिकला म्हणायचे की. ऐकू येत हुतं मला,” काकू म्हणाली. मी तिला पुढची गोष्ट सांगितली. वडिलांचं कापडाचं दुकान, बुडालेला धंदा, पंचवीस रुपये. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ती आपल्या सोलापूरची, हे मात्र ठाऊक नव्हतं बघ.”