कोरफडीचं जेल विकताय? मग शेजारी खोबरेल तेलही ठेवा

कोरफडीच्या व्हिडिओत पानातून गर कसा काढायचा ते दाखवलं. पण हा धंदा फसतो कुठे, ते सांगायला वेळ उरला नाही. ते इथे लिहिते, कारण फसले होते ती मीच.

बीबीए करून पूर्णेत दुकान टाकलं, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. आपल्याकडे थंडी कोरडी. हात-पाय उलतात, टाचांना भेगा पडतात. आणि कोरफड तर घरोघरी, कुणाच्या कुंडीत, कुणाच्या दारावर नजर लागू नये म्हणून टांगलेली. मनात म्हटलं, फुकटचा माल आहे! पानं चिरली, गर मिक्सरला फिरवला, 30 बाटल्या भरल्या. 60 रुपयाला एक.

पहिली आली ती कापूस वेचणारी मावशी. बोंडाची टोकं लागून लागून बोटं सोललेली. म्हणाली, "पोरी, लावलं की गार वाटतं बघ. पण वाळलं की कातडी अजूनच ओढती." मग एका मुलीच्या हाताला खाज सुटली. आणि आठवडाभरात बाटल्यांना आंबूस वास यायला लागला. 22 बाटल्या परत घेतल्या, 1320 रुपये मोजून दिले. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण त्या मुलीची आई कितीतरी दिवस दुकानासमोरून मान वळवून जायची. ते जास्त लागलं.

आधी मावशीचं बघू, कारण विक्रीची खरी गोम तिथेच आहे. कोरफडीच्या गरात जवळजवळ 98-99 टक्के पाणीच असतं. बाकी थोडा चिकट पदार्थ, जो पाणी धरून ठेवतो. म्हणजे जेल त्वचेला पाणी देतं, पण ते उडून जाऊ नये म्हणून वरून झाकण घालत नाही. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि वर राहिलेला पातळ थर वाळून ओढतो. मावशी बरोबरच बोलली होती! उपाय साधा आहे. आंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच जेल लावायचं, आणि ते पूर्ण वाळायच्या आत वरून थोडं खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. तेलकट त्वचेच्या कॉलेजच्या पोरांना नुसतं जेल चालून जातं. शेतात, उन्हात राबणाऱ्या हातांना नाही चालत.

खाजेचं कारण पानातच होतं. साल आणि गर यांच्या मध्ये पिवळा, कडू चीक असतो. त्यात अ‍ॅलोइन असतं, त्याने काहींच्या त्वचेची आग होते. पान कापल्यावर दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून चीक निथळू द्यायचा, मग धुऊन साल काढायची. मी घाईत हे केलंच नव्हतं. नीट काढलेला गरही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघावा. आणि भेगेतून रक्त येत असेल किंवा शुगरच्या पेशंटची टाच असेल, तर माल विकू नका, डॉक्टरकडे पाठवा.

वास का आला? पाणी जास्त, टिकवणारं काही नाही. ताजा गर फ्रिजमध्ये ठेवून दोन-चार दिवस घरी वापरायला ठीक, बाटलीत भरून विकायला नाही. आणि तसा विकणं कायद्यातही बसत नाही, हे मला नंतर कळलं. कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे सौंदर्यप्रसाधन बनवून विकायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि स्वयंपाकघराला तो मिळत नाही. स्वतःचा कारखाना नसेल तर दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपला माल बनवून घ्यायचा, त्याला लोन लायसन्स म्हणतात. माझ्या मते नव्या माणसाने तेही लगेच करू नये. आधी दोन हिवाळे तयार माल विकून गिऱ्हाईक ओळखा.

तयार माल घेताना लेबल वाचा. परवाना नंबर, बॅच नंबर, वापरण्याची मुदत, घटकांची यादी. ग्लिसरीन असेल तर हिवाळ्यात चांगलं. हिरव्यागार रंगाला भुलू नका, कोरफडीचा गर मुळात पाण्यासारखा असतो, हिरवा रंग घातलेला असतो.

आता माझ्याकडे जेलच्या शेजारीच खोबरेल तेलाची छोटी बाटली असते, आणि दोन्हीवर मिळून एक चिठ्ठी: "ओल्या अंगाला जेल, वरून तेल." वाचता न येणाऱ्यांना मी तिथेच हातावर लावून दाखवते. मिनिटभर जातो.

ती मावशी गेल्या हिवाळ्यात परत आली. जेल नको म्हणाली, फक्त तेल घेतलं. मग दारातून मागे वळली आणि म्हणाली, "बरं, तेबी दे."